डोळा एका वेळी एकाच जागी: कर्णबधिर प्रेक्षकांसमोर भारूड उभं करताना

सप्टेंबरात मराठवाड्यात कार्यक्रमांची रांगच लागते. गणपती, 17 तारखेचा मुक्तिसंग्राम दिन, मागोमाग नवरात्राची तयारी. यांच्या अधेमधे 23 सप्टेंबर येतो, आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन. 1951 साली याच तारखेला जागतिक कर्णबधिर महासंघ स्थापन झाला. संयुक्त राष्ट्रांनी तीच तारीख धरली आणि 2018 पासून हा दिवस पाळला जातो. मग एखाद्या मंडळाच्या नाहीतर कॉलेजच्या मनात येतं की यंदा कर्णबधिरांनाही बोलवू, बोलणं सांकेतिक भाषेत सांगणारा इंटरप्रिटर लावू. कल्पना चांगलीच आहे. पण होतं काय, तर स्टेजच्या एका कोपऱ्यात, स्पीकरच्या खोक्याला खेटून, एक जण हात हलवत उभा राहतो. त्याच्या तोंडावर उजेड नसतो, पाठीमागे लाल-पिवळ्या नक्षीची कनात असते. समोरची डेफ मंडळी थोडा वेळ माना वेळावून बघतात आणि मग मोबाइलमध्ये डोकं घालतात. आयोजक म्हणतात, यांना रस नाही.

रस असतो, दिसत नसतं. ऐकणारा माणूस कानानं पद ऐकता ऐकता डोळ्यानं सोंग बघतो. कर्णबधिर प्रेक्षकाला ही दोन्ही कामं डोळ्यानंच करावी लागतात, आणि डोळा एका वेळी एकाच जागी असतो. बाकी सगळं नियोजन या एका गोष्टीतून निघतं. इथं उदाहरण भारुडाचं घेतलंय. एक तर भारुडं रचणाऱ्या संत एकनाथांचं पैठण आपलं. दुसरं म्हणजे भारूड हा मुळातच बघायचा प्रकार आहे: वेश, चाल, हातवारे, तोंडावरचे भाव. भाषणापेक्षा ते साइनमध्ये, म्हणजे सांकेतिक भाषेत, सहज उतरतं. फसतंही जास्त, त्याची कारणं पुढं येतील.

निमंत्रणापासूनच सुरुवात करावी लागते. छापील पत्रिका आणि फ्लेक्स कर्णबधिरांपर्यंत पोचतात, पण वाचलेच जातील असं धरून चालू नका. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांसाठी लिखित मराठी ही शाळेत कष्टानं शिकलेली दुसरी भाषा असते, आणि 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' असल्या वाक्यातून त्यांच्या हाती काही लागत नाही. एक मिनिटाच्या आतला व्हिडिओ करा. साइन करणारी व्यक्ती स्वतः डेफ असावी. चौकटीत डोक्याच्या थोडं वरपासून कमरेपर्यंत अंग दिसावं आणि दोन्ही कोपरांना बाजूला जागा राहावी. मागे साधी भिंत. तारीख, वेळ आणि ठिकाण साइनमध्ये सांगून झालं की त्याच गोष्टी मोठ्या अक्षरात पडद्यावर पाच सेकंद ठेवा. हा व्हिडिओ जिल्ह्यातल्या डेफ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकदा गेला की शेजारच्या दोन जिल्ह्यांत आपोआप फिरतो. त्यात 'इंटरप्रिटर आहे' हे सांगायला विसरू नका, तेवढ्यावरच लोक यायचं की नाही ते ठरवतात. वेळ ठरवताना शेवटच्या एसटीचा विचार करा. कर्णबधिर माणसं एका गल्लीत एकवटलेली नसतात, एकेका गावात एक-दोन असतात. कार्यक्रम रात्री अकराला सुटणार असेल तर परगावचा माणूस येणारच नाही.

आता इंटरप्रिटर. मराठवाड्यात प्रशिक्षित इंटरप्रिटर सहज मिळत नाहीत आणि त्यामागं इतिहास आहे. 1880 साली इटलीत मिलान इथं कर्णबधिर शिक्षणाची परिषद भरली. मतदान करणारे जवळपास सगळे ऐकणारे होते. त्यांनी ठराव केला की मुलांना बोलायला शिकवायचं, साइन वर्गाबाहेर ठेवायची. या विचाराची पकड जगभर शंभर वर्षं टिकली. आपल्याकडे मुंबईत 1880 च्या दशकात कर्णबधिरांची शाळा निघाली ती याच काळात. पुढच्या शाळांमध्येही भर राहिला तो वाचा आणि ओठवाचनावरच. साइन टिकली ती वसतिगृहात, जेवणाच्या पंगतीत, खेळाच्या मैदानावर, मोठ्या मुलांकडून धाकट्यांकडे. वर्गात जिला जागा नव्हती त्या भाषेचे इंटरप्रिटर तयार कुठून होणार? मदन वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूरच्या साइनचा अभ्यास केला आणि ही हावभावांची खिचडी नसून स्वतःचं व्याकरण असलेली भाषा आहे हे कागदावर आलं. मिलानच्या ठरावाबद्दल त्याच परिषदमालेनं खेद व्यक्त केला तो 2010 साली, व्हँकुव्हरला. दिल्लीतली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण संस्था स्थापन झाली 28 सप्टेंबर 2015 ला. तिचा शब्दकोश 2018 मध्ये 3,000 शब्दांनी सुरू झाला आणि 2021 मध्ये 10,000 वर गेला. त्याचे व्हिडिओ कुणालाही मोबाइलवर फुकट बघता येतात.

इंटरप्रिटर शोधताना दोन वर्षांचा आयएसएल (भारतीय सांकेतिक भाषा) इंटरप्रिटेशनचा डिप्लोमा झालाय का, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारा. त्याहून महत्त्वाचं, जिल्ह्यातल्या चार डेफ लोकांना विचारा की या व्यक्तीचं त्यांना समजतं का. विशेष शाळेतले शिक्षक मदतीला येतात, पुष्कळांची साइनही चांगली असते. पण शिकवणं आणि इंटरप्रिट करणं ही वेगळी कामं आहेत. शिक्षकाला समजावून सांगायची सवय असते, त्यामुळे दहा वाक्यांचा गोषवारा दोन वाक्यांत येतो आणि विनोद तर गाळलाच जातो. आई-वडील कर्णबधिर असलेल्या घरात वाढलेली मुलं घरच्यासारखी साइन करतात, पण स्टेजवर पद ऐकत ऐकत त्याच वेळी साइन करणं त्यांनाही शिकावंच लागतं.

तासाभराच्या वर कार्यक्रम असेल तर दोन इंटरप्रिटर लागतातच. साधारण वीस मिनिटांनी अदलाबदल करतात. मेंदू थकतो तो हातांच्या आधी: थकलेला इंटरप्रिटर चुकतोय हे त्याला स्वतःला कळत नाही. ज्याची पाळी नसते तो समोर बसून सुटलेला शब्द पुरवतो, त्यामुळे तो चहाला गेला तर काम अर्धंच राहतं. पुण्या-मुंबईहून माणूस बोलावला असेल तर रात्रभर रेल्वेनं आणून सकाळी दहाला लगेच उभं करू नका. मानधन, प्रवास, मुक्काम आणि जेवण हे आधी लिहून ठरवा. 'समाजकार्य आहे' हे वाक्य इंटरप्रिटरांना पाठ असतं आणि ते ऐकून ते पुढच्या वेळी येत नाहीत. ढोलकीवाल्याला कोणी समाजकार्य सांगत नाही.

भारुडासाठी सगळ्यात चांगली मांडणी जरा वेगळी आहे. स्टेजवर डेफ कलाकार साइन करतो. ऐकणारा इंटरप्रिटर प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेपुढं, खाली, स्टेजकडे तोंड करून बसतो आणि त्याला पद पुरवत राहतो. डेफ कलाकाराची साइन ही त्याची पहिली भाषा, त्यामुळे ती ओघवती आणि रंगतदार येते. खाली बसलेल्याच्या तोंडावर आणि हातांवरही उजेड हवा हे मात्र हमखास विसरलं जातं. स्टेजवरच्या माणसाच्या डोळ्यांत फोकस आणि खाली अंधार, मग पुरवठा तुटतो.

संहिता निदान पंधरा दिवस आधी द्या. भारूड पाठ असतं, लिहिलेलं नसतं, ही सबब चालत नाही: मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून पाठवा आणि पदं टाइप करून द्या. कलाकार ऐनवेळी गावातल्या सरपंचावर, पीकविम्यावर, टँकरवर जे टोमणे मारतो तेही निदान विषय म्हणून सांगून ठेवा. माणसांची नावं यादीत द्या. साइनमध्ये नाव बोटलिपीनं एकेक अक्षर करून सांगावं लागतं, आणि पद चालू असताना तेवढा वेळ नसतो. डेफ समाजात ओळखीच्या माणसाला नामखूण असते, दिसण्यावरून किंवा सवयीवरून पडलेली. गावांनाही खुणा असतात. त्या स्थानिक डेफ लोकांकडूनच घ्यायच्या, इंटरप्रिटरनं मनानं बनवायच्या नाहीत.

आता जवळून एक पद बघू. विंचवाचं भारूड सगळ्यांना ठाऊक आहे: विंचू चावतो, माणूस कळवळतो, घाम फुटतो, उतारा शोधतो. ऐकणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळतं की विंचू म्हणजे काम-क्रोध, कारण शब्द शेजारी शेजारी येतात. साइनमध्ये घाई केली तर दोनपैकी एक होतं. विंचवाचं सोंग इतकं रंगतं की काम-क्रोध हरवतात, नाहीतर 'काम', 'क्रोध' असे दोन कोरडे शब्द येतात आणि विंचूच मरतो. जमतं ते असं. आधी जमिनीवर, उजव्या पायाशी, विंचवाची जागा ठरवायची: वाकवलेली तर्जनी म्हणजे नांगी, ती हळूहळू येते, नजर तिच्यावर. डंख बसतो तेव्हा हात आणि चेहरा एकाच क्षणी बदलतात. विष पायावरून वर चढतं, हाताची बोटं मांडी, पोट, छाती असा रस्ता दाखवतात. इथं थांबायचं. अंग जरा वळवून सोंगातून बाहेर यायचं, निवेदक व्हायचं, वासना आणि राग सावकाश दाखवायचे, आणि मग बोट पुन्हा त्याच जागी न्यायचं जिथं विंचू होता. साइनमध्ये जागेलाच अर्थ चिकटतो. एकदा तिथं बोट दाखवलं की पुढं साऱ्या भारुडात त्या जागेकडे नुसतं बघितलं तरी काम-क्रोध आले.

उताऱ्याच्या कडव्यात सत्त्व, तम हे गुण येतात. यांच्यासाठी रोजच्या वापरातल्या खुणा नाहीत आणि पदाच्या लयीत बोटलिपी म्हणजे गाडी घाटात बंद पडणं. तालमीत डेफ कलाकाराबरोबर बसून ठरवावं लागतं की इथं 'शांत, निर्मळ मन' दाखवायचं की आणखी काही. ठरलं की ते प्रत्येक वेळी तसंच.

ध्रुवपद ही साइनमधली हुकमी जागा आहे. दर वेळी तेच हात, तीच जागा, तेच ठेके. तिसऱ्यांदा आलं की समोरची डेफ मंडळी आपोआप बरोबर साइन करायला लागतात, जशी बाकीची मंडळी टाळ्यांवर म्हणतात. यमक साइनमध्ये येत नाही, त्याचा शोक करू नये. त्याऐवजी ओळीअखेर हाताचा तोच आकार येईल अशा खुणा निवडता येतात, आणि पाहणाऱ्याला त्यातली नक्षी बरोबर कळते.

वेळेचं गणित मुख्य कलाकाराला सांगावं लागतं. इंटरप्रिटर मूळ बोलण्याच्या काही सेकंद मागे असतो, असायलाच हवा, वाक्य पुरं ऐकल्याशिवाय अर्थ लागत नाही. म्हणून डेफ प्रेक्षकांचं हसू उशिरा येतं. कलाकारानं विनोद टाकला आणि त्याच दमात पागोटं फेकलं, तर डेफ प्रेक्षक तेव्हा इंटरप्रिटरकडे बघत असतो आणि पागोटं हुकतं. नियम सोपा आहे: आधी बोला, क्षणभर थांबा, मग करा. किंवा आधी करा, मग बोला. दोन्ही एकदम नको. सवाल-जवाबातही तेच. आयएसएलमध्ये 'कोण', 'कुठं', 'का' हा प्रश्नाचा शब्द सहसा वाक्याच्या शेवटी येतो. तुमचा प्रश्न संपला तरी त्यांचा प्रश्न अजून व्हायचा असतो. इंटरप्रिटरचे हात खाली आल्याशिवाय उत्तर सुरू करू नये. चांगल्या भारूडकाराला हे एका तालमीत जमतं, कारण थांबून हशा घ्यायची सवय त्याला असतेच.

'बहिरा' आणि 'मुका' या सोंगांबद्दल थोडं. नाथांच्या भारुडात आंधळा, पांगळा यांच्यासारखी हीही सोंगं आहेत. हरिकीर्तन ऐकलं नाही म्हणून बहिरा झालो, ज्ञानाच्या गर्वानं वाचा गेली म्हणून मुका झालो, असा त्यांचा रोख. रूपक आहे हे खरं. पण समोर जन्मापासून ऐकू न येणारी चाळीस माणसं बसलेली असताना बहिरेपण हे पापाचं फळ म्हणून साइनमध्ये दाखवायचं, तेही ऐकणाऱ्या नटानं वेडंवाकडं तोंड करून, हे बरं नाही. इंटरप्रिटरनं परस्पर सौम्य करून सांगणं तर त्याहून वाईट: तो आपल्या डोक्यानं गाळायला लागला की त्याच्यावरचा विश्वास संपला. मार्ग दोनच दिसतात. एक, त्या दिवशी ते पद निवडू नका, भारुडांची कमी नाही. दोन, ते सोंग डेफ कलाकाराला द्या. कान असून ऐकत नाहीत ते कोण, हे तो प्रेक्षकांकडे बोट दाखवून विचारू शकतो, आणि मग ते पद भलतंच झोंबतं. पण हे त्यानं ठरवायचं, मंडळानं नाही.

उभं कुठं करायचं? कोपरा सोडा. डेफ प्रेक्षकाच्या एकाच नजरेत सोंग आणि साइन दोन्ही मावायला हवेत. म्हणजे इंटरप्रिटर मुख्य कलाकारापासून दोन-तीन हातांच्या अंतरावर, किंवा सावलीसारखा त्याच्याबरोबर फिरणारा. फिरणारी पद्धत भारुडाला फार शोभते, पण तिला तालमी लागतात. ते जमणार नसेल तर डेफ प्रेक्षकांचा गटच स्टेजच्या त्या बाजूला बसवा जिकडे इंटरप्रिटर आहे. स्टेज चार फूट उंच असेल आणि लोक सतरंजीवर बसणार असतील तर पहिली रांग निदान दहा-बारा फूट मागे घ्या, नाहीतर मान दुखते आणि कंबरेखालचं काही दिसत नाही. विंचू तर पायाशी आहे.

खेड्यात बायका एकीकडे, पुरुष एकीकडे बसतात. इंटरप्रिटर पुरुषांच्या बाजूला उभा राहिला की डेफ बायकांना त्याची फक्त एक बाजू दिसते. याचा विचार जवळजवळ कुणीच करत नाही. एक तर इंटरप्रिटर मधोमध हवा, नाहीतर डेफ लोकांसाठी मध्यभागी एक वेगळा पट्टा राखा, त्यात डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. गावाला चालतं ते, आधी दोन शब्द बोलून ठेवले तर. बैठक सरळ रांगेपेक्षा जराशी कमानीसारखी करा. आपापसात बोलायला एकमेकांची तोंडं दिसावी लागतात, कुजबूज मागच्या रांगेतून होत नाही.

उजेडाला जितकं महत्त्व द्याल तितकं थोडं. साइनचं अर्धं व्याकरण चेहऱ्यावर असतं: भुवया, गाल, ओठ, डोळ्यांची दिशा. दिवा डोक्यावर असला की डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि प्रश्न कुठला, विधान कुठलं, हेच कळेनासं होतं. 50 वॉटचे दोन एलईडी फ्लड घ्या, समोरून डावी-उजवीकडून, साधारण 45 अंशांत, आठ-दहा फुटांवरून, डोक्याच्या थोडं वर. फार टोचत असतील तर पुढं थोडं अंतर ठेवून बटर पेपर लावा. हे दिवे पांढरे आणि स्थिर हवेत. रंग बदलणारे पार लाइट इंटरप्रिटरवर पडू देऊ नका, निळ्या उजेडात हात दिसतात पण बोटं दिसत नाहीत. नाटकात अंधार करायचा असेल तेव्हा इंटरप्रिटरवर मंद का होईना एक दिवा चालू राहिला पाहिजे, हे लाइटवाल्याच्या कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं ऐनवेळी विसरतं.

पाठीमागे गडद एकरंगी कापड, काळं किंवा गर्द निळं. मंडपवाल्याकडची नक्षीची कनात असेल तर तिच्यावर एक साधी चादर ताणा, आठ बाय आठ फूट पुरते. इंटरप्रिटरचे कपडेही एकरंगी, कातडीच्या रंगापासून वेगळे उठणारे. बांगड्या, अंगठ्या, रंगीत नेलपॉलिश नको. सत्काराची शाल आणि हार तर अजिबात नको, कार्यक्रम चालू असताना गळ्यात हार घातलेला इंटरप्रिटर म्हणजे हात बांधलेला इंटरप्रिटर.

वीज जाणारच, असं धरून चाला. माइक बंद पडला तर कलाकार आवाज चढवून वेळ मारून नेतो. दिवा गेला की डेफ प्रेक्षकाचा कार्यक्रम त्याच क्षणी संपला. इंटरप्रिटरचे दोन दिवे इन्व्हर्टरवर घ्या, जनरेटर चालू होईपर्यंतचा मधला वेळ तेवढाच सांभाळायचा असतो. साउंडच्या लाइनवर हे दिवे जोडू नका, बासच्या ठोक्याला लुकलुकतात. आणि सप्टेंबर म्हणजे किडे. पावसाळी रात्री पांढऱ्या दिव्यावर पाखरं झेपावतात आणि ती इंटरप्रिटरच्या तोंडात जातात, त्यातून चेहऱ्याचं व्याकरण पाळणं कठीण. मंडपाच्या मागं, लांब, एक जास्त प्रखर दिवा उघड्यावर लावून ठेवा, बरेचसे तिकडे वळतात.

आवाजाचं काय? डेफ माणसाला आवाजाचा उपयोग नाही असं नव्हे. हलगी, संबळ, पखवाज यांचा ठोका अंगात जाणवतो. लाकडी फळ्यांवर बसलेल्याला तो पायातून येतो. शहाबादी फरशीवर किंवा मातीवर येत नाही. पहिल्या काही जणांसाठी लाकडी पाट किंवा फळ्यांचा बुटका चौथरा करता आला तर फरक पडतो. फुगवलेला फुगा हातात धरला तरी कंप कळतो, मुलांना हे फार आवडतं. पण श्रवणयंत्र लावणाऱ्यांना स्पीकरजवळ बसवू नका. यंत्र सगळंच वाढवतं, कर्णा जवळ असला तर नुसता कल्लोळ होतो आणि ते यंत्र काढून खिशात ठेवतात. यंत्राचे सेल मध्येच संपतात. त्यांच्यावर रंगीत स्टिकर असतं, नंबर 13 ला नारिंगी, जास्त ताकदीच्या यंत्रात जाणाऱ्या 675 ला निळं. दोन्हींची एकेक पट्टी जवळ ठेवलेली कामाला येते. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मग यंत्रात घालायचा.

पडद्यावर मराठी मजकूर दाखवणार असाल तर तो साइनची जागा घेत नाही, पण उतारवयात ऐकू येईनासं झालेल्यांना तोच लागतो. त्यांना साइन येत नसते, मराठी उत्तम येते. एका वेळी दोन ओळी, ओळीत पस्तीसेक अक्षरं, जाड ठशाचा युनिकोड फॉन्ट. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या लॅपटॉपवर उघडलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि तो भर कार्यक्रमात दिसतो. मोबाइलमधलं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठी लिहून देतं, शांत खोलीत एकाच माणसाच्या भाषणाला चालतंही. भारुडाला नाही. पखवाज वाजला की ते गोंधळतं, आणि 'काय करायलास', 'कुठं जायलास' या आपल्या बोलीचं त्याला काहीतरी भलतंच ऐकू येतं. भारुडाची पदं आधी टाइप करून ठेवून ओळीओळीनं हातानं पुढं सरकवणं हाच खात्रीचा उपाय, आणि ते काम पद पाठ असलेल्या माणसाला द्या.

चित्रीकरण करणाऱ्याला वेगळी सूचना लागते. त्याची सवय मुख्य कलाकाराच्या तोंडाचा क्लोजअप घ्यायची, त्यात हात कापले जातात. एक कॅमेरा पूर्ण वेळ साइनवरच, हलवायचा नाही. सेकंदाला 50 फ्रेम ठेवल्या तर वेगातली बोटं पुसट होत नाहीत. नंतर जोडताना साइनची चौकट पडद्याच्या निदान एक तृतीयांश हवी. कोपऱ्यातल्या रुपयाएवढ्या गोलात कुणाला काही वाचता येत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये सांस्कृतिक जीवनाचा आणि करमणुकीचा हक्क आहे, टीव्हीवर साइन किंवा उपशीर्षकं देण्याचाही उल्लेख आहे. पण गोल किती मोठा हवा ते कायदा सांगत नाही, तेवढं एडिटरला सांगावं लागतं.

स्वयंसेवकांची दहा मिनिटांची बैठक पुरते. डेफ माणसाला मागून हाक मारू नका, समोर येऊन हात हलवा किंवा खांद्याला हलकेच स्पर्श करा. सगळ्यांचं लक्ष हवं असेल तर मंडपाचा मुख्य दिवा दोनदा बंद-चालू करा. पाऊस, आग, चेंगराचेंगरी अशा वेळी कर्ण्यावरून केलेली सूचना या गटापर्यंत पोचत नाही, म्हणून दिव्याची खूण आणि बाहेर पडायची वाट सुरुवातीलाच साइनमध्ये सांगून ठेवा आणि दोन स्वयंसेवक याच गटाला नेमून द्या. कुणी डेफ माणूस इंटरप्रिटरमार्फत तुमच्याशी बोलत असेल तर त्या माणसाकडे बघून बोला, 'त्याला सांगा की' असं इंटरप्रिटरला सांगू नका. टाळ्या वाजवायच्या ऐवजी दोन्ही हात वर करून बोटं हलवतात. निवेदकानं सुरुवातीला हे एकदा दाखवलं की सगळा मंडप करतो.

जेवण किंवा चहा ठेवणार असाल तर तिथंही उजेड आणि मोकळी जागा लागते. हातात प्लेट आणि कप असले की बोलायला हात उरत नाही, म्हणून उभ्यानं खाण्यापेक्षा टेबलं लावा, गोल असली तर उत्तम. गावोगावची डेफ मंडळी महिन्या-महिन्यांनी भेटतात, कार्यक्रम संपला तरी लवकर उठत नाहीत. हॉल घेताना अर्धा-पाऊण तास जास्तीचा धरून भाडं ठरवा, आणि शेवटची टाळी झाली की सवयीनं मेन स्विच पाडणाऱ्या इलेक्ट्रिशियनला आधीच सांगून ठेवा की मंडप रिकामा झाल्याशिवाय दिवे घालवायचे नाहीत.